घंटेवरचे बोट

आमच्या वर्गात एकच खुर्ची होती आणि ती उशिरा येणाऱ्या मुलासाठी राखून ठेवलेली असे. सर तिच्यावर कधी बसले नाहीत. तास सुरू झाल्यावर एखादा मुलगा धापा टाकीत दारात उभा राहिला, की ते म्हणत, "धावत आलाय बिचारा. बसू दे त्याला." मग त्या मुलाला सगळ्या वर्गाच्या तोंडासमोर, फळ्याशेजारच्या खुर्चीवर बसावे लागे आणि सरांचे शिकवणे जिथे थांबले होते तिथून पुढे चालू होई. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, हे आमच्या ध्यानात यायला एक सहामाही जावी लागली. तोपर्यंत बहुतेक मुले लाजेने वेळेवर येऊ लागली होती. ज्यांना वेळेवर येणे शक्यच नव्हते, तेवढे त्या खुर्चीचे मानकरी राहिले.

त्यांतला कायमचा मानकरी नरसय्या. शहराच्या पूर्वेकडच्या पेठेत त्याच्या वडिलांचे दोन हातमाग होते. गिरणीचा पहिला भोंगा झाला की नरसय्या उठून सुताच्या कांड्या भरायला बसे. वडिलांना दिवसभर पुरतील एवढ्या कांड्या भरून झाल्या, की मग शाळा. तो खुर्चीवर बसला की त्याच्या सदऱ्याला चिकटलेले सुताचे तंतू आम्हाला पहिल्या बाकावरून दिसत. कधी कधी त्याला तिथेच डुलकी लागे. सर आवाज थोडा खाली आणीत, इतकेच.

सर स्वतः मात्र कधी स्वस्थ नसत. दार ते खिडकी आणि खिडकी ते दार अशा त्यांच्या येरझारा चालत आणि त्यांच्या वहाणा करकरत. "बसलेल्या मास्तरापुढं पोरांची डोकीही बसतात," हे त्यांचे ठरलेले वाक्य. कोटाच्या उजव्या खिशात भाजलेल्या शेंगा असत, डाव्या खिशात टरफले. मधल्या सुट्टीत चालता चालता त्या खायच्या. मन थाऱ्यावर नसले की खिशांची अदलाबदल होई आणि ते टरफलच चावीत राहत. त्यांच्या घरी मी अनेकदा गेलो आहे. काकू म्हणत, "अरे, हे जेवतानासुद्धा पाटावर अर्धेच टेकतात. उरलेले अर्धे शाळेत उभे असतात."

आज पन्नाशी उलटल्यावर मलाही बसवत नाही. फरक एवढाच, की सरांना पुढचे काही तरी स्वस्थ बसू देत नव्हते आणि मला मागचे बसू देत नाही. ते मागचे काय, हे आजवर मी कोणाला नीट सांगितलेले नाही. सांगताना मी स्वतःला सांभाळून घेतो आहे असे वाटले, तर वाचकांनी तिथे खुशाल अडवावे. सरांनी शिकवलेली तीच एक गोष्ट होती.

वर्गाला मॉनिटर असतो आणि गडबड करणाऱ्यांची नावे तो फळ्यावर लिहितो, हे आम्हाला ठाऊक होते. सरांनी ते पहिल्याच आठवड्यात बंद केले. मॉनिटरला ते 'नायक' म्हणत. नायकाने कोणाचे नाव लिहायचे नाही, कोणाला दटावायचे नाही. त्याला एकच अधिकार होता : मास्तरांना थांबवण्याचा. त्याच्या बाकावर पितळेची एक घंटा ठेवलेली असे. वर्गातल्या कोणालाही काही समजले नाही, तर त्याने नायकाकडे पाहून मान हलवायची आणि नायकाने घंटा वाजवायची. कोणाला समजले नाही, हे विचारायची बंदी होती. घंटा वाजली की सर जिथे असतील तिथे थांबत, वहाणांची करकर थांबे, आणि ते म्हणत, "बोला नायक, कुठली पायरी निसटली?" आमचे पुस्तक इंग्रजी, शिकवणे मराठी, आणि निम्म्या मुलांच्या घरची भाषा तेलुगू, कानडी नाही तर दखनी. पायऱ्या निसटायला जागा पुष्कळ होती.

घंटा त्यांच्या देवघरातली. काकूंचा त्यावर रोष होता. सर त्यांना सांगत, "देवाला रोज उठवतेस, त्याला कुठं तास घ्यायचा असतो? मास्तराला उठवणं जास्त गरजेचं."

घंटा हाती असेपर्यंत ते नायकाला अहोजाहो करीत. चौदा वर्षांच्या पोराला "अहो नायक" अशी हाक मारणारा मनुष्य त्या काळच्या शाळेत वेडाच समजला जाई. आमच्या वर्गाचा नायक मी होतो. संस्कृतचे शास्त्रीबोवा मला व्हरांड्यात अडवून विचारीत, "काय नायक, आमची आरती कधी आहे?" ड्रिलमास्तरांना तर ती घंटा ऐकूनच राग येई.

त्यांच्या रागाला आणखी एक कारण होते. वरच्या चार वर्गांत सरांनी चार नायक नेमून घेतले होते आणि दर शनिवारी कडुनिंबाखाली आमची बैठक होई. सर तिथेही उभेच. प्रश्न दर खेपेला तोच : "या आठवड्यात शाळेत कुणाला कुठं भीती वाटली?" माणसाचे नाव सांगायचे नाही, फक्त जागा सांगायची. एकदा इंग्रजी पाचवीचा नायक म्हणाला, "सर, पाण्याच्या माठापाशी."

"माठाची कसली भीती?"

"माठाची न्हाय सर. माठ ज्या खोलीच्या दारात हाय, त्या दाराची."

ते दार ड्रिलमास्तरांच्या खोलीचे होते. तिथे पाणी प्यायला गेलेल्या मुलाची टोपी, नखे आणि केस तपासले जात आणि पाण्याआधी छडी मिळे. सरांनी कोणाशी वाद घातला नाही. सोमवारी सकाळी आम्हा चौघांना बरोबर घेऊन त्यांनी तिवईसकट माठ उचलला आणि कडुनिंबाखाली आणून ठेवला. माठ हलला आणि शाळेतल्या मुलांना तहान लागू लागली. अशा सात-आठ जागा दिवाळीपर्यंत सुधारल्या. दिसायला फार काही नव्हते, पण शाळेत शिरताना आम्ही खांदे आक्रसून घेत नसू, एवढे मला आठवते.

मला नायक कसे केले, ती हकीकत येथे सांगितली पाहिजे, कारण खोटेपणाचा पहिला धागा तिथलाच आहे. वर्षाच्या आरंभी सरांनी एके दिवशी फळ्यावर अर्धा तास एक सिद्धता मांडली. ती मुद्दाम चुकीची होती. सगळा वर्ग माना डोलावीत होता. शेवटी त्यांनी विचारले, "समजलं?" चाळीस मुले एका सुरात "हो" म्हणाली आणि माझा एकट्याचा हात वर राहिला. सर आनंदाने जवळजवळ धावत आले. "एक तरी खरं बोलणारा निघाला," असे म्हणून त्यांनी घंटा माझ्यापुढे ठेवली.

मी हात वर केला होता तो बाहेर जाण्यासाठी. करंगळी दाखवायची लाज वाटली म्हणून सगळा हात दाखवला होता. ती सिद्धता चुकीची आहे, हे मला शेवटपर्यंत कळले नव्हते. हे मी त्यांना त्या दिवशी सांगितले नाही, दुसऱ्या दिवशी नाही, आणि मग सांगण्याची वेळच निघून गेली.

तरीही, माझ्याविषयी एवढे म्हणता येईल, की पहिले काही महिने मी ते काम मनापासून केले. घंटा दिवसाला चार-पाचदा वाजे. नरसय्याची मान सर्वांत जास्त हले. तो खुर्चीवर, मी पहिल्या बाकावर. तो नुसता डोळ्यांनी म्हणे, आणि मी वाजवी. सहामाहीत तो भूमितीत पास झाला, तेव्हा त्याच्या वडिलांनी सरांना चादर आणून दिली. सरांनी ती उशिरा येणाऱ्यांच्या खुर्चीवर घातली.

दिवाळीनंतर शाळाखात्याचे इन्स्पेक्टर यायचे ठरले. घंटेची तक्रार त्यांच्यापर्यंत गेली होती. हेडमास्तर मनाने चांगले, पण भित्रे. त्यांनी सरांना व्हरांड्यात गाठले आणि मी शेजारी आहे हे न पाहता म्हणाले, "हे पाहा, साहेबांनी मान डोलावली तर तुमची घंटा राहील. नाही तर घंटा बंद, माठ परत जागेवर आणि नायकही बंद. मला मग काही करता येणार नाही."

"डोलावतील की," सर म्हणाले. "नाही डोलावली तर त्यांना समजलेलं नाही. त्यांच्यासाठीही वाजवू." आणि टरफल चावीत निघून गेले.

त्यांना काळजी नव्हती, म्हणून ती मी माझ्याकडे घेतली. मला वाटले, साहेबांसमोर घंटा वाजलीच नाही तर प्रयोग पोकळ दिसेल आणि भलत्या वेळी, भलत्या प्रश्नाला वाजली तर सर अडखळतील. म्हणजे ती बेताने वाजली पाहिजे. आदल्या दोन संध्याकाळी मी वर्गातल्या दहा-बारा मुलांना किल्ल्याच्या तटाजवळ जमवले आणि आम्ही न समजण्याची तालीम केली. सर कोणते प्रमेय घेणार होते ते मला ठाऊक होते. मंगळवारीच त्याची उजळणी झाली होती.

"पाचव्या पायरीला तू मान हलवायची," मी एकाला सांगितले. "आणि कपाळाला थोड्या आठ्या घालायच्या."

"पर मला ती पायरी येतीया की. मंगळवारी मीच फळ्यावर करून दावली."

"येत असली तरी त्या दिवशी यायची नाही."

"लई अवघड हाय बाबा हे," तो म्हणाला. "येत नसताना येतंय म्हणायला काय वाटत न्हाय. हे उलटं जमंना." सगळे हसले. मीही हसलो.

नरसय्या एका दगडावर बसून ऐकत होता. त्याने विचारले, "आन मला खरंच काय कळलं न्हाय तर?"

मी म्हणालो, "त्या दिवशी कळून घे."

हे वाक्य मी बोललो तेव्हा मला ते शहाणपणाचे वाटले होते. सरांची घंटा वाचवण्यासाठी नरसय्याने एक दिवस गप्प बसावे, एवढेच तर मी मागत होतो. ती घंटा होती कशासाठी, हा विचार माझ्या मनात आला नाही, असे लिहिणार होतो. पण ते खरे नाही. आला होता. मी त्याला पुढच्या आठवड्यावर ढकलले.

इन्स्पेक्टर आले तेव्हा नरसय्या त्याही दिवशी उशिराच आला आणि चादर घातलेल्या खुर्चीवर बसला. साहेबांनी भुवई उंचावली. सरांनी "धावत आलाय" एवढेच सांगितले. प्रमेय होते एकाच पायावर आणि त्याच दोन समांतर रेषांमध्ये उभ्या असलेल्या दोन समांतरभुज चौकोनांचे : एक सरळ, एक कललेला, तरी दोघांचे क्षेत्रफळ सारखे. तिसऱ्या पायरीला मान हलली, मी घंटा वाजवली. सर थांबले, पुन्हा समजावले. साहेबांच्या चेहऱ्यावर कौतुक दिसले. पाचव्या पायरीला दुसऱ्याची मान हलली, मी पुन्हा वाजवली. साहेब वहीत काही लिहू लागले. सरांनी मात्र या वेळी "बोला नायक" म्हटले नाही. त्यांनी ज्याला अडले होते त्या मुलाकडे पाहिले. कोणाला समजले नाही हे पाहायचे नाही, हा त्यांचाच नियम त्यांनी मोडला. मंगळवारी हीच पायरी त्या मुलाने फळ्यावर मांडून दाखवली होती.

ते पुन्हा चालू लागले, पण करकर अडखळत होती. प्रमेय सोपे करण्यासाठी त्यांनी एक नवाच दाखला दिला. म्हणाले, "असं समजा, हा चौकोन म्हणजे एकावर एक रचलेल्या रेषा आहेत. ढीग सरळ रचा की कलता रचा, रेषा तेवढ्याच." वर्गाने माना डोलावल्या. साहेबांनीही डोलावली. तेवढ्यात खुर्चीवरून नरसय्याने माझ्याकडे पाहिले आणि मान हलवली.

हे आमच्या तालमीत नव्हते. मी दुसरीकडे पाहिले.

"नायक," तो हळू म्हणाला, "वाजव की."

साहेबांची लेखणी चालत होती. आणखी दोन ओळी लिहून झाल्या की सगळे सुरक्षित होणार होते. नरसय्या अर्धवट उठून घंटेकडे हात नेऊ लागला, तेव्हा मी घंटेत बोट घालून आतला लोलक दाबून धरला. त्याने घंटा हलवली. तिचा आवाज झाला नाही. त्याने एकदा माझ्या बोटाकडे पाहिले आणि खुर्चीवर मागे टेकून बसला.

वहाणांची करकर थांबली होती. मी मान वर केली तेव्हा सर माझ्या बोटाकडेच पाहत होते.

इन्स्पेक्टर उठले. "उत्तम," ते म्हणाले. "घंटेविषयी मी वेगळं ऐकलं होतं. पण मुलं फार शिस्तीनं विचारतात. मी तसा शेरा लिहिला आहे."

"शेरा बदलावा लागेल साहेब," सर म्हणाले. "हा प्रयोग आत्ताच बंद पडला. तुमच्या समोरच. तुमच्या ध्यानात आलं नसेल."

हेडमास्तरांचा चेहरा पांढरा झाला. साहेबांना वाटले हा विनय आहे, आणि ते हसले. त्यांचा शेरा चांगलाच राहिला. हेडमास्तर खूश झाले. घंटा चालू ठेवायला वरची परवानगी मिळाली आणि त्याच संध्याकाळी सरांनी ती बंद केली.

शाळा सुटल्यावर ते मला कडुनिंबाखाली भेटले. माठ तिथेच होता. तो पुढेही तिथेच राहिला. त्यांनी मला रागावून काही विचारले नाही. घंटा हातात घेऊन तिचा लोलक ते बोटाने उगाच हलवून पाहत होते. मग म्हणाले, "पहिल्या दिवशी तू हात वर केलास, तो बाहेर जायला केला होतास. ठाऊक होतं मला."

मी माठावरचे झाकण सारखे केले.

"मला वाटलं, घंटा हाती आली की येईल खरेपणा. काहींना येतो तसा." त्यांनी लोलक सोडला आणि म्हणाले, "चूक माझी. जा तू घरी."

त्यांच्या तोंडून माझ्यासाठी 'तू' निघाले, ते त्या दिवसापासून. त्यांनी मला छडी मारली असती, तर मी एव्हाना विसरलो असतो.

सर पुढच्या वर्षी दुसऱ्या गावच्या शाळेत गेले. त्यांना पोचवायला स्टेशनवर नरसय्या गेला होता, मी गेलो नाही. नरसय्यालाही शाळा फार काळ झेपली नाही. वार्षिक परीक्षेत भूमितीत तो नापास झाला आणि कांड्या भरण्यावरून थेट मागावर बसला. माझ्या बोटामुळे हे झाले, असे म्हणणे हा माझाच अहंकार होईल. घरची ओढाताण होतीच. पण घंटा असती, तर तो निदान पास झाला असता, असे मला वाटते, आणि हे वाटणे कमी होत नाही.

मी मास्तर झालो. याच शहरात एकतीस वर्षे भूमिती शिकवली. माझ्या वर्गात मॉनिटर होता, तो फळ्यावर नावे लिहीत असे. खुर्चीवर मी स्वतः बसत असे. मुले माझ्याविषयी चांगले बोलतात. सर वारल्याचे मला पंधरा दिवसांनी कळले.

गेल्या वर्षी मुलीच्या लग्नासाठी चादरी घ्यायला मी पूर्वेकडच्या पेठेत गेलो आणि ज्या कारखान्याच्या दारात उभा राहिलो तो नरसय्याचा निघाला. त्याने मला ओळखले. "या नायक," तो म्हणाला. चाळीस वर्षांत मला त्या नावाने कोणी हाक मारली नव्हती. त्याने चहा मागवला, चादरी उलगडून दाखवल्या, सरांच्या शेंगांची आठवण काढली. ते टरफल चावीत असत, हे आठवून आम्ही दोघे हसलो. मग मला राहवले नाही.

"नरसय्या, त्या दिवशी साहेबांसमोर तुला काय अडलं होतं?"

मला वाटले, तो म्हणेल आठवत नाही. त्याने हातातली चादर मांडीवर ठेवली.

"सर आदी म्हणले हुते, रेघंला जाडी नसती. मंग त्या दिवशी म्हणले, रेघंवर रेघ रचली की चौकोन झाला. आता बगा नायक, आमच्या सुताला जाडी हाय म्हणून पन्हा भरतो. जाडीच नसलेलं सूत हजार घाला, लाख घाला. पन्हा येणार कुठनं?"

त्याने चादरीच्या पन्ह्यावरून, या काठापासून त्या काठापर्यंत, हात फिरवला आणि माझ्या तोंडाकडे पाहत राहिला. खिल्ली नव्हती. चाळीस वर्षे न सुटलेला प्रश्न त्याने भूमितीच्या मास्तरापुढे ठेवला होता.

"त्याचं असं आहे," मी सुरुवात केली. मग थांबलो. एकतीस वर्षे मी दर वर्षी मुलांना सांगत आलो की रेषेला जाडी नसते, आणि पुढच्याच महिन्यात सरांचाच दाखला देऊन रेषांचा ढीग रचत आलो. कोणी मान हलवली असेल तर मी पाहिली नव्हती. आत मागांचा खडखडाट चालू होता. मला जागेवर बसवेना, पण उठून जाताही येईना.

"मला समजलेलं नाही," मी म्हणालो.

"मंग तवाच बोट काढायचं हुतं की, नायक," नरसय्या म्हणाला, आणि चादरीची घडी घालू लागला.